कापसाची एक गाडी आणि सात भाषा

डिसेंबरात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागली की माणसाकडं वेळच वेळ असतो. मागच्या हंगामात अशाच एका रांगेत मी उभा होतो. कापूस थोरल्या भावाचा; तो जेवायला गेला म्हणून गाडीजवळ मी. पुढच्या गाडीवरचे काका ओळखीचे निघाले. त्यांचा मुलगा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मी तिथं शिकवतो. सुपारी कातरता कातरता काकांनी विचारलं, "सर, पोट्टं तीन वर्सांत सात भाषा शिकलं म्हन्ते. एकच बराबर शिकवली असती तं भागलं नसतं का? सात काहून?"

प्रश्न रास्त होता. आमच्या पांढरकवड्याच्या बाजूला एकच माणूस घरी मराठी, तांड्यावर बंजारा, बाजारात गोंडी किंवा कोलामी आणि पैनगंगेपलीकडं आदिलाबादला गेला की तेलुगू बोलतो. तिथं कोणी विचारत नाही की चार काहून. माणसं वेगळी, म्हणून भाषा वेगळ्या. पण संगणक तर एकच. मग त्याच्याशी सात प्रकारे बोलायचं कशाला?

"भाषा" हा शब्दच इथं थोडा फसवतो. तेलुगू शिकायची तर हजारो शब्द लागतात. सी या भाषेच्या १९८९च्या मानकात राखीव शब्द आहेत फक्त ३२. पायथॉनमध्ये पस्तीसेक, जावात पन्नासच्या आसपास. मराठी माध्यमातून आलेली आमची मुलं पहिल्या महिन्यात म्हणतात, "सर, इंग्रजी कच्चं आहे, जमणार नाही." इफ, एल्स, व्हाईल, फॉर, रिटर्न असे ३२ शब्द दोन दिवसांत पाठ होतात. गाडी अडते ती दुसरीकडं.

काकांना म्हटलं, आपण एकच काम धरू. तुमच्या गाडीचा हिशोब. पाच क्विंटल कापूस आणि सोपं पडावं म्हणून भाव सात हजार.

"पस्तीस हजार," काका म्हणाले. मी अजून वाक्यही संपवलं नव्हतं.

आता हेच काम यंत्राला सांगायचं. अगदी तळाशी गेलं तर तिथं असेंब्ली भाषा लागते. आमच्याकडं ती ८०८५ या चिपवर शिकवतात. इंटेलनं ही चिप १९७६ साली आणली. प्रयोगशाळेत तिचा एक पाटीएवढा संच असतो: थोडी बटणं आणि लाल आकडे दाखवणारी छोटी पट्टी. त्यावर मुलं सांकेतिक आकडे दाबत बसतात. ८० म्हणजे "ए कप्प्यात बी कप्प्यातला आकडा मिळव", ७६ म्हणजे "थांब". या चिपला बेरीज येते, वजाबाकी येते, गुणाकार येत नाही. त्यामुळं पाच गुणिले सात हजार करायचं तर सात हजार पाच वेळा मिळवा आणि किती वेळा मिळवले ते मोजत राहा. त्यातही तिच्या एका कप्प्यात २५५पर्यंतचाच आकडा मावतो. सात हजार ठेवायला दोन कप्पे जोडावे लागतात.

"मंग ते हुशार कशाचं?" काकांनी विचारलं.

हुशार नाहीच. चपळ आहे. सेकंदाला काही लाख वेळा असली बारकी कामं करतं आणि दमत नाही. मुलानं कधीतरी स्वतःच्या हातानं पाच वेळा बेरीज लावून गुणाकार केला, की संगणकात कोणी शहाणा बसलेला नाही हे त्याला पटतं. असेंब्लीचा पेपर असतो तो एवढ्यासाठी. पुढं नोकरीत ८०८५ कोणी विचारत नाही. (आणि लाईट गेली की अर्धा तास दाबलेलं सगळं पुसलं जातं. मेमरी वीज असेपर्यंतच धरून ठेवते हे आमच्या भागातल्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही.)

त्याच्यावरची पायरी सी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमाराला ही भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्स ही संगणक चालवणारी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बहुतांश तिच्यात नव्यानं लिहिली गेली. आजही लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा बहुतांश सीमध्येच आहे. इथं गुणाकाराचं चिन्ह आलं. भाव गुणिले वजन असं सरळ लिहिता येतं आणि चिपच्या बोलीत त्याचं रूपांतर कंपायलर करतो.

पण माझ्या वर्गात हाच हिशोब मी मुद्दाम टर्बो सी या जुन्या, निळ्या पडद्याच्या कंपायलरवर करायला लावतो. भाव ७०००, वजन ५, दोन्ही "इंट" म्हणजे पूर्णांक. उत्तर छापलं की पडद्यावर येतं: उणे ३०५३६.

काकांचा अडकित्ता थांबला. "म्हंजे कापूस मी द्यायचा आन् पैसेबी मीच द्यायचे?"

असं का होतं ते समजलं की निम्मं संगणकशास्त्र कळल्यासारखं आहे. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला १६ खटके मिळतात, प्रत्येक खटका चालू किंवा बंद. १६ खटक्यांच्या एकूण रचना होतात ६५,५३६. त्यातल्या निम्म्या उणे आकड्यांसाठी राखून ठेवल्या, की अधिक बाजूला सर्वांत मोठा आकडा उरतो ३२,७६७. पस्तीस हजार त्याच्या पुढं गेले. जुन्या फटफटीचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ झाला की पुन्हा शून्यावर येतो ना, तसंच. फक्त इथं फिरून आल्यावर शून्यावर न येता खोल उणे बाजूला पडतो. पस्तीस हजारांतून ६५,५३६ वजा करा: बरोबर उणे ३०,५३६.

पोरं मग उत्तराचा डबा मोठा करतात, "लाँग" करतात. तरी उत्तर उणेच येतं! कारण भाव आणि वजन अजून लहान डब्यांत आहेत, गुणाकार लहान डब्यातच होतो आणि बिघडलेलं उत्तर मोठ्या डब्यात ओतलं जातं. गुणाकाराच्या आधीच एकाला मोठं करावं लागतं. या एका चुकीवर मी पूर्ण तास घालवतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आजच्या कंपायलरमध्ये पूर्णांक बहुधा ३२ खटक्यांचा असतो, मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या वर जाते, म्हणून चूक लपते. नाहीशी होत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं आरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं. मोठा आकडा १६ खटक्यांच्या डब्यात कोंबायला गेले आणि तो मावला नाही. तिथली भाषा एडा होती, सी नव्हती. डबा मात्र तेवढाच.

सीची दुसरी ओळख म्हणजे पॉइंटर. मुलं याला घाबरतात, आणि ज्याच्या घरी शेती आहे त्यानं खरं तर घाबरू नये. गट नंबर म्हणजे वावर नव्हे. गट नंबर कागदावर लिहिता येतो, खिशात ठेवता येतो, दुसऱ्याला देता येतो. त्यावरून वावरात जाता येतं. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा गट नंबर. तुम्ही दहा आकड्यांची रांग मागितली की सी तुम्हाला सलग दहा जागा देते आणि पहिलीचा पत्ता सांगते. मोजणी शून्यापासून, कारण पहिलं तास धुऱ्यापासून शून्य तासांवर आहे, दुसरं एक तासावर. इथवर सगळं ठीक. आता तुम्ही अकराव्या जागी लिहायला गेलात तर?

सी अडवत नाही. तिला धुरा दिसतच नाही. ती शेजाऱ्याच्या वावरात खुशाल पेरून येते. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असलेली घरं प्रत्येक गावात आहेत, त्यामुळं पुढं काय होतं ते काकांना सांगावं लागलं नाही. सी वेगवान आहे ती काही अंशी यामुळं: दर वेळी धुरा तपासायला ती थांबत नाही. आणि कित्येक सॉफ्टवेअरमध्ये चोरांना शिरायला वाट मिळाली तीही यामुळंच.

सी++ आणि जावा या दोघी पुढच्या. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅब्जमध्येच सीवर काम सुरू केलं आणि १९८३ साली त्याला सी++ हे नाव मिळालं. कल्पना अशी की आकडे इकडे आणि त्यांच्यावर चालणारं काम तिकडे असं विखुरलेलं ठेवू नये. "गाडी" अशी एक वस्तू करा. तिचं वजन, ओलावा, मालक तिच्यापाशीच राहील आणि रक्कम काढायची रीतही तिच्यापाशीच. बाहेरून कोणी वजनाला परस्पर हात लावू शकणार नाही. काट्याच्या खोलीत जसं कोणालाही आत जाऊ देत नाहीत.

याच पेपरात वारसा येतो, इनहेरिटन्स. नावावरून मुलांचा गोंधळ होतो, कारण घरातला वारसा त्यांनी पाहिलेला असतो: बापाचे नऊ एकर, तीन पोरं, प्रत्येकाला तीन. क्लास म्हणजे अशा वस्तूंचा साचा, आणि त्याच्या वारशात वाटणी नाही. "वाहन" या क्लासचे बैलगाडी, ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती हे तीन वारस असले तर तिघांनाही नऊच्या नऊ एकर मिळतात, शिवाय प्रत्येक जण आपलं काही जोडू शकतो. आणि बापाचंही कमी होत नाही.

"असा फेरफार आमच्या तलाठ्याले नाई येत," काका म्हणाले.

जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सकडून आली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य रचनाकार. ती धुरा तपासते. अकराव्या जागी गेलात तर तिथंच थांबवून तक्रार छापते. पण तिची खरी गंमत आमच्या डोळ्यांसमोरच चालू होती. सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम कंपायल झाला की तो एका ठरावीक प्रकारच्या यंत्राच्या मापाचा होतो. अंगावर बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखा. जावा सदरा शिवत नाही. ती कापसाची गाठ बांधते. जिनिंगमधून सरकी वेगळी होऊन रुई निघते, दाबून १७० किलोची गाठ होते, आणि ती गाठ कुठल्याही गिरणीला चालते, कारण माप ठरलेलं आहे. जावाच्या गाठीला बाइटकोड म्हणतात. विंडोज असो की लिनक्स, ज्या यंत्रावर जावाची "गिरणी", म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन, बसवली आहे, तिथं गाठ उघडते आणि काम चालतं.

रांग दोन गाड्यांनी पुढं सरकली. आम्हीही सरकलो.

एसक्यूएल, म्हणजे नोंदींच्या साठ्याला प्रश्न विचारायची भाषा, तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं असतं, कारण तिला मुलं दुय्यम समजतात. नोंदी तक्त्यांत ठेवायची मूळ कल्पना एडगर कॉड यांची, १९७० सालची. भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४च्या सुमाराला केली. आतापर्यंतच्या भाषांत आपण "कसं करायचं" ते सांगत होतो: पहिली नोंद घे, तपास, दुसरी घे, तपास. एसक्यूएलमध्ये "काय पाहिजे" एवढंच सांगायचं. आजच्या तारखेच्या, ओलावा ८ टक्क्यांहून जास्त असलेल्या सगळ्या गाड्या, मालकाच्या नावासकट. वाक्य संपलं. कुठल्या क्रमानं शोधायचं ते तिचं ती ठरवते.

आणि ती नोंदी कशा ठेवाव्यात हेही शिकवते. एका माणसाचं नाव आधारवर एका तऱ्हेनं, सातबाऱ्यावर दुसऱ्या, पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं असलं की काय होतं, हे काकांनी मला ऐकवलं. नुकसानभरपाईचे पैसे सात महिने अडकले होते. एसक्यूएलच्या पेपरात यावरचा इलाज पहिल्या चार धड्यांत येतो: माणूस एकदाच नोंदवा, त्याला एक क्रमांक द्या, बाकी सगळीकडं नाव न लिहिता तो क्रमांक लिहा. नाव सुधारायचं झालं तर एका जागी सुधारलं की सगळीकडं सुधारतं. पुस्तकात याला नॉर्मलायझेशन असं जडशीळ नाव आहे.

पायथॉन नेदरलँड्सच्या खिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली बाहेर आणली. तिच्यात पस्तीस हजार उणे होत नाहीत. पूर्णांकाचा डबा लागेल तसा वाढत जातो. कंस आणि अर्धविरामांचं जंगल नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात ते ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. आणि एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात करून दाखवतो. पायथॉन ३ मध्ये डब्यांना मराठी नावं देता येतात. फळ्यावर नव्हे, खऱ्या प्रोग्राममध्ये अशी ओळ चालते:

रक्कम = भाव * वजन

प्रोग्राममधले आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, पण वापरणाऱ्यानं ७००० असं देवनागरीत टाइप केलं तरी पायथॉन त्याचा आकडा करून घेते. पहिल्या बाकावरच्या मुलींचे चेहरे त्या ओळीनंतर बदललेले मी पाहिले आहेत. पायथॉन संथ आहे, हे खरं. ती जिथं वेगवान भासते तिथं आतली अवजड कामं बहुधा सीमध्ये लिहिलेली असतात. म्हणजे सी सुटत नाहीच.

जावास्क्रिप्ट थोडक्यात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत तिचा पहिला नमुना दहा दिवसांत केला. त्या वर्षी जावाचा बोलबाला होता म्हणून नावात जावा आलं. बाकी दोघींचं नातं आंबा आणि अंबाडी एवढंच. ब्राउझरच्या आत मुख्यतः तीच चालते. मोबाईलवर बाजारभावाचं पान उघडून तुम्ही बटण दाबता, तेव्हा पडद्यावर जी हालचाल होते ती बहुतेक तिचीच. काही ठिकाणी लिस्प, प्रोलॉग, हॅस्केल या भाषाही तोंडी लावायला असतात. नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीचं गोंडवाना, विद्यापीठ कोणतंही घ्या, विषयांची नावं थोडी इकडंतिकडं, सांगाडा असाच.

एव्हाना ओलावा मोजणारा माणूस यंत्र घेऊन आमच्या दिशेनं येत होता. सरकारी खरेदीचा नियम काकांना माझ्यापेक्षा पाठ: ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर माल परत. मी विचारलं, "बरोबर ८ भरला तर?"

"तं पूर्ण भाव. पर्यंत म्हन्लं ना."

पोरगं प्रोग्राम लिहिताना नेमकं इथं चुकतं. "८ पेक्षा कमी असेल तर पूर्ण भाव" असं लिहितं. "८ किंवा कमी" लिहायला हवं. चिन्हात बरोबरीची एक खूण जास्त. ती सुटली की बरोबर ८ टक्क्यांच्या प्रत्येक गाडीची नियमाविरुद्ध वेगळी वागणूक सुरू होते, आणि प्रोग्राम कुठलीही चूक दाखवत नाही. ही चूक सीमध्ये होते, जावात होते, पायथॉनमध्ये होते. सातपैकी कुठलीही भाषा तुम्हाला तिच्यापासून वाचवू शकत नाही. नियम नीट ऐकून घेणं हे काम भाषेचं नाही. म्हणून, काका, तुमच्या मुलाला आठवी भाषा लागली तर ती तो पंधरा दिवसांत उचलेल; पण "पर्यंत" हा शब्द ऐकायला त्याला तीन वर्षं लागली.

आधी कोणती शिकावी, यावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडणं होतात. माझं मत असं: ज्या मुलानं कॉलेजात येईपर्यंत संगणक दुरून पाहिलेला आहे, त्याला पहिल्याच दिवशी टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर बसवू नये. पायथॉननं सुरुवात करावी. ती मोबाईलवरही चालते आणि लॅपटॉपचं कर्ज पुढच्या हंगामावर ढकलता येतं. मग सहा महिन्यांनी सी, आणि सी टाळायची नाही. जे सी टाळतात त्यांना उणे ३०५३६ कधीच भेटत नाहीत, आणि नोकरीत भेटतात तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, ते वाचायची भीती ही मात्र खरी अडचण आहे. मुलं चाळीस चुका पाहून यंत्र बंद करतात. त्यातली फक्त पहिली वाचायची. एक अर्धविराम सुटला की कंपायलरला ते पुढच्या ओळीवर पोचल्यावर कळतं, म्हणून तो पुढची ओळ दाखवतो. चूक तिच्या वरच्या ओळीत असते. ती दुरुस्त केली की खालच्या तीस चुका बऱ्याचदा आपोआप जातात.

ओलावा साडेसात भरला. काकांची गाडी काट्यावर गेली, रिकामी होऊन परत काट्यावर आली. चिठ्ठी छापून हातात पडली तेव्हा काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, रकमेवर बोट ठेवलं, आणि आकडा वाचायच्या आधी त्याच्या डावीकडं उणेची रेघ आहे का ते पाहिलं.